टेकडीवरचें विटांचें घर आणि त्याचे धनी

(गांवच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेल्या भाषणाचा मजकूर)



जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें, आणि तें अर्पण कोणाला केलें? राजाला नाहीं, शेटसावकाराला नाहीं. ज्या अमेरिकन लोकांनीं आपल्या देशांतल्या काळ्या गुलामांची बेडी तोडण्यासाठीं झीज सोसली, त्यांना केलें. त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन झाला. म्हणजे चळवळीच्या जन्माच्या सालींच तिची नजर समुद्रापलीकडे पोंचलेली होती. आज आपण त्या पुस्तकाचें नांव घेतों, जयंतीला तसबिरीस हार घालतों. पण ज्यांची बेडी तुटली ते लोक कोण, पुढें त्यांनीं काय केलें, ते कोठें राहिले, याविषयीं आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. म्हणून आज आम्ही त्यांच्यापैकीं एकाच्या घराची हकीकत सांगणार आहों. घर विटांचें आहे, अजून उभें आहे, आणि त्याच्या भिंतींपेक्षां त्याच्या कागदपत्रांतून आपल्याला जास्त शिकण्यासारखें आहे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथें ॲनाकोस्टिया नांवाची नदी आहे. नदीपलीकडे एका उंच टेकडीवर हें घर बांधलेलें आहे. टेकडीवर सीडर जातीचीं झाडें होतीं, म्हणून त्या जागेस सीडर हिल म्हणतात. घर पक्क्या विटांचें, दुमजली, वर पोटमाळा. पुढच्या अंगाला खांबांवर तोललेली लांब पडवी. दारांतून आंत शिरलें कीं मधोमध सोपा, आणि सोप्याच्या दोन्ही अंगांस बैठकीच्या खोल्या : एक पाव्हण्यारावळ्यांची, एक घरच्या माणसांची. शिवाय लिहिण्यावाचण्याची खोली, जेवणघर, सैंपाकघर. वरच्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या. १८५५ ते १८५९ या सालांच्या दरम्यान तें बांधलें गेलें. पुढें मागच्या अंगाला वाढवून चौदा खोल्यांच्या एकवीस झाल्या. टेकडीवरून राजधानीच्या कायदेमंडळाचा मोठा पांढरा घुमट दिसतो.

हें घर बांधलें जॉन व्हॅन हूक नांवाच्या गोऱ्या माणसानें, स्वतःला राहण्यासाठीं. जमिनीचे तुकडे पाडून विकणें हा त्याचा धंदा. टेकडीच्या खालीं १८५४ सालीं त्यानें व त्याच्या भागीदारांनीं युनियनटाऊन नांवाची वस्ती वसवली. जवळच्या आरमारी कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांनीं तेथें घरें बांधावीं हा हेतु. तुकडा विकतांना कागदांत एक अट घातलेली असे : आफ्रिकी रक्ताच्या माणसाला ही जागा विकावयाची नाहीं, भाड्यानेंहि द्यावयाची नाहीं. मंडळी, अशी अट आपल्याला नवी नाहीं. आपल्याकडे ती कागदावर लिहावी लागत नव्हती एवढाच फरक. कोणाचें घर गांवकुसाच्या आंत आणि कोणाचें बाहेर, कोणाची आळी पाण्याच्या वरच्या अंगाला आणि कोणाची खालच्या, हें रूढीनेंच ठरवून ठेवलेलें होतें. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता बंद केली; पण शहरांत भाड्याची खोली पाहायला गेलेल्या आपल्या पोराला आडनांव आधीं विचारतात, खोली मागून दाखवतात.

आतां त्या घराचा दुसरा धनी पाहूं. त्याचें नांव फ्रेडरिक डग्लस. हा १८१८ सालीं मेरीलँड प्रांतांत गुलाम आईच्या पोटीं जन्माला आला. जन्माची तारीख त्याला कधींच कळली नाहीं, कारण गुलामाच्या पोराची तारीख धन्यानें कशाला सांगावी? आपल्या शाळांच्या जुन्या दाखल्यांवर ओळीनें 'एक जून' लिहिलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें दुःख समजावून सांगावें लागणार नाहीं. त्याचें पहिलें घर म्हणजे आजीचें खोपट. लांकूड, माती आणि गवताचें, भुई मातीची. आजी मासे धरण्याचीं जाळीं विणण्यांत हुशार, आणि रताळ्याचें बेणें थंडींत जपून ठेवण्यांत तिचा हात धरणारें त्या मुलुखांत कोणी नव्हतें. आई बारा मैलांवरच्या शेतावर राबे. दिवसभर काम करून रात्रीं चालत येई, पोराला कुशींत घेई, आणि उजाडायच्या आंत परत जाई. अशी ती थोड्याच वेळां भेटली आणि तो लहान असतांनाच मेली.

पुढें त्याला धन्याच्या वाड्यावर नेलें. तेथें थंडींत पांघरूण नाहीं. धान्याच्या गोणींत डोकें खुपसून तो मातीच्या भुईवर निजे, पाय उघडे राहत. थंडीनें पायांना अशा भेगा पडल्या कीं त्यांत लिहिण्याची लेखणी आडवी बसावी. हें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. ज्या पोराच्या पायाच्या भेगेंत लेखणी बसत होती, त्याच्या हातांत लेखणी कशी आली, तें आतां ऐका.

बाल्टिमोर शहरांत धन्याच्या नातलगांकडे त्याला कामाला पाठवलें. घरची बाई भोळी, तिनें त्याला मुळाक्षरें शिकवायला घेतलीं. नवऱ्याला कळतांच त्यानें बायकोला दटावलें. गुलाम शिकला कीं गुलाम राहणार नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. मुलानें तें ऐकलें आणि तेथेंच त्याला वाट सांपडली. ज्या गोष्टीला धनी इतका भितो, तीच आपण मिळवली पाहिजे! रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना घरची भाकरी देऊन तो त्यांच्याकडून अक्षरें शिकला. लिहायला शिकला गलबतांच्या कारखान्यांत. तेथले सुतार लांकडावर खुणेचीं अक्षरें लिहीत. हें लांकूड डाव्या बाजूचें, हें उजव्या, हें पुढचें, हें मागचें. त्या अक्षरांवर त्यानें हात वळवला. सुतारांनो, तुमच्या खुणांनीं एका माणसाला अक्षर दिलें हें ध्यानांत ठेवा. भटजींच्या पोथीशिवाय विद्या येत नाहीं असें ज्यांना सांगण्यांत येत होतें, त्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें.

मोठा झाल्यावर तो गलबताच्या फळ्यांच्या फटी ताग-डांबरानें बुजवण्याचें काम शिकला. पक्का कारागीर झाला. आठवड्याला सहापासून नऊ डॉलरपर्यंत कमावी. शनिवारीं सगळी मजुरी धन्याच्या हातांत ठेवायची. सहा डॉलर आणून दिले तर धनी कधीं कधीं खुश होऊन त्यांतले सहा सेंट त्याला देई. डॉलरचे सेंट शंभर. म्हणजे शंभरांतला एक हिस्सा, तोहि मेहेरबानी म्हणून. ज्यानें घाम गाळला त्याचा हिस्सा शेवटीं आणि सर्वांत लहान, हा हिशेब आपल्या कुळवाड्यांच्या खळ्यावरहि पिढ्यानपिढ्या झाला आहे.

३ सप्टेंबर १८३८ रोजीं, एका खलाशाचे कागद घेऊन, खलाशाच्या वेषांत तो आगगाडीनें पळाला. या पळण्याचा पैसा कोठून आला? ॲना मरे नांवाच्या स्त्रीनें दिला. ती काळीच, पण गुलाम नव्हती. दुसऱ्यांच्या घरीं कामाला राहून तिनें पैसा साठवला होता. बारा दिवसांनीं, १५ सप्टेंबरला, दोघांचें लग्न झालें. पळालेल्या गुलामाला ओळख लपवावी लागते म्हणून बेली हें आडनांव टाकून त्यानें डग्लस हें आडनांव घेतलें. उत्तरेकडच्या गांवांत गुलामगिरी नव्हती, पण तेथल्या गोऱ्या कारागिरांनीं याच्याबरोबर काम करण्याचें नाकारलें. हातांत हुन्नर असून लांकडें फोडणें, ओझीं वाहणें अशी मजुरी त्याला करावी लागली. जात कारखान्याच्या दाराशींहि उभी असते ती अशी.

येथून पुढें आम्ही त्यांना 'ते' म्हणूं, कारण येथून पुढें त्यांनीं स्वतःला मोठें केलें. १८४५ सालीं त्यांनीं आपलें आत्मवृत्त छापलें. गुलामानें इतकें चांगलें लिहिलें यावर लोकांचा विश्वास बसेना. नांवगांव छापलें गेल्यामुळें धनी धरून नेईल अशी धास्ती होती, म्हणून ते आयर्लंड-इंग्लंडांत गेले. तेथल्या स्नेह्यांनीं १८४६ सालीं पैसा जमवून त्यांची सुटका विकत घेतली. परत आल्यावर १८४७ च्या डिसेंबरांत त्यांनीं स्वतःचें साप्ताहिक काढलें. आपल्याकडे कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढला १८७७ सालीं. दबलेल्या माणसाला पहिल्यानें स्वतःचा छापखाना लागतो, हें दोन्हीकडे सारखेंच दिसतें. आणखी एक मेळ पाहा. १८४८ सालीं जोतीरावांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्याच १८४८ सालीं अमेरिकेंत स्त्रियांच्या हक्कांची पहिली मोठी सभा भरली, आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा या ठरावाला डग्लस यांनीं तेथें उभें राहून पाठिंबा दिला. १८६५ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. तिच्यासाठीं झालेल्या लढाईंत त्यांचे दोन मुलगे शिपाई होते.

आतां पुन्हां घराकडे वळूं. सुटलेल्या गुलामांच्या ठेवींसाठीं १८६५ सालीं एक बँक निघाली होती. सरकारनें तिला सनद दिलेली, म्हणून लोकांना वाटलें कीं पैशाला सरकारचाच जामीन आहे. तसा जामीन नव्हता. धोबिणींनीं, मजुरांनीं, शिपायांनीं पै पै ठेवली. कारभाऱ्यांनीं ती बड्या धंदेवाल्यांना बेताल कर्जाऊ दिली. १८७३ सालीं बाजार कोसळला, बँक खिळखिळी झाली. १८७४ सालीं ती बुडतां बुडतां डग्लस यांना अध्यक्ष केलें, म्हणजे त्यांच्या नांवाचा टेकू लावला. त्यांनीं स्वतःचे दहा हजार डॉलर आंत घातले. पण कांहीं महिन्यांतच बँक बंद पडली. साठ हजारांवर ठेवीदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. पुष्कळांना त्यांतला थोडाच भाग परत मिळाला, कित्येकांना कांहींच नाहीं. त्याच सुमारास व्हॅन हूकलाहि धंद्यांत खोट आली, आणि टेकडीवरचें घर त्याच्या हातून जाऊन या बुडीत बँकेकडे आलें. बँकेकडून १८७७ सालीं डग्लस यांनीं तें ६,७०० डॉलरला खरेदी केलें. जमीन सुमारें पावणेदहा एकर. पुढें शेजारची घेऊन ती पंधरा एकरांच्या घरांत गेली. ज्या माणसानें काळ्याला जागा मिळूं नये म्हणून कागदांत अट घातली, त्याच माणसाच्या स्वतःच्या घरांत एक गुलाम म्हणून जन्मलेला माणूस राजरोस खरेदीखत करून राहायला गेला. त्या वेळीं ते साठीला आलेले होते.

त्या घरांत ते सुमारें सतरा वर्षें राहिले. खोलींत हजाराहून अधिक पुस्तकें. फिडल वाजवीत, त्यांचा एक नातू पुढें नांवाजलेला फिडलवादक झाला. अध्यक्ष लिंकन यांच्या खुनानंतर त्यांच्या पत्नीनें दिलेली लिंकनची काठी त्यांच्याकडे होती. परसांत एक लहान दगडी खोपट होतें, त्याला खिडकी नव्हती. एकट्यानें बसून लिहायचें असलें म्हणजे ते तेथें जात. त्याला त्यांनीं गमतीनें गुरगुरण्याची खोली म्हटलें होतें. वाड्यांत एकवीस खोल्या असून माणूस परत खोपटांत बसून लिहीत होता, हें आम्हांला फार आवडतें.

पण भगिनींनो, घराची खरी हकीकत बायकांची आहे. ॲना यांनीं पांच मुलें वाढवलीं, जोडे शिवण्याचें काम करून संसाराला हातभार लावला, पळून येणाऱ्या गुलामांना रात्रीं-बेरात्रीं जेवूं घातलें, निजायला जागा दिली. नवरा देशभर भाषणें करीत फिरूं शकला तो तिच्या जिवावर. तिला स्वतःला अक्षरओळख फारशी झाली नाहीं. १८८२ सालीं ती याच घरांत वारली. १८८४ सालीं डग्लस यांनीं हेलन पिट्स या शिकलेल्या गोऱ्या बाईशीं लग्न केलें. ती त्यांच्याच कचेरींत कारकून होती. गोरे चिडले, काळे नाराज झाले, मुलांना रुचलें नाहीं. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या तिच्या बापानेंहि जांवयाला घराचें दार बंद केलें. व्यासपीठावर सुधारक आणि उंबऱ्याच्या आंत सनातनी, ही माणसें कोणत्या देशांत नाहींत?

२० फेब्रुवारी १८९५ रोजीं डग्लस स्त्रियांच्या सभेला जाऊन घरीं आले, सभेची हकीकत बायकोला सांगत होते, आणि सोप्यांतच कोसळून वारले.

येथें कागद आडवा आला. मृत्युपत्रांत त्यांनीं घर हेलन यांना ठेवलें होतें. पण कायद्याला जितके साक्षीदार लागत तितक्यांच्या सह्या त्यावर नव्हत्या. घरापुरतें मृत्युपत्र रद्द ठरलें. आयुष्यभर शब्दावर जगलेला माणूस, पण एका सहीच्या उणीवेनें बायको उघड्यावर पडण्याची पाळी आली! हेलन म्हणाल्या, आपण सगळे मिळून हें घर लोकांसाठीं राखूं. मुलांना तें विकून वांटणी हवी होती. शेवटीं हेलन यांनीं कर्ज काढून घर विकत घेतलें, गांवोगांव व्याख्यानें देऊन कर्ज फेडीत राहिल्या, आणि १९०० सालीं कायदेमंडळाकडून स्मारकाच्या संस्थेचा कायदा करून घेतला. १९०३ सालीं त्या वारल्या तेव्हां घर गहाणांतून सुटलेलें नव्हतें.

तें सोडवलें काळ्या स्त्रियांच्या मंडळांनीं. त्यांचा देशव्यापी संघ १८९६ सालीं स्थापन झाला होता. १९१६ सालीं, मेरी टॅल्बर्ट अध्यक्ष असतांना, त्यांनीं हें काम अंगावर घेतलें. धुणेंभांडीं करणाऱ्या, शिकवणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांनीं वर्गणी जमवली. सर्वांत मोठी देणगी दिली मॅडम वॉकर यांनीं. गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांची ही लेक, आधीं धोबीण होती, मग केसांच्या औषधांचा धंदा करून श्रीमंत झाली. १९१८ सालीं गहाणखत फिटलें आणि सभेंत तें जाळून टाकलें. १९६२ सालीं घर सरकारच्या राष्ट्रीय स्थळांत गेलें, दुरुस्ती होऊन १९७२ सालीं लोकांना खुलें झालें. व्हॅन हूकच्या वस्तींत ज्यांना पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज त्याच्या घरांत मान वर करून फिरतात.

मंडळी, ही हकीकत ऐकून आपण नुसतें 'वा!' म्हणून उठूं नये. तीन गोष्टी गांठीला बांधून घ्याव्या.

पहिली, कागद. आपल्याकडे मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि लिहून ठेवणाऱ्यानें त्यांच्यासमोर सही किंवा अंगठा केलेला लागतो. कायदा लहानमोठा पाहत नाहीं. डग्लससारख्याला त्यानें सोडलें नाहीं तर आपल्याला काय सोडणार? सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, हे कागद घरांत एका पेटींत ठेवा आणि वर्षांतून एकदां मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्या. बायकोचें नांव घरावर लावा. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतका हक्क मिळाला आहे. तिच्याकडून हक्कसोड करून घेतांना डग्लस यांच्या मुलांची आठवण ठेवा.

दुसरी, पैसा. पतपेढी आपली आहे, चेअरमन आपल्या जातीचा आहे, भिंतीवर थोर माणसाची तसबीर आहे, एवढ्यावर ठेव ठेवूं नका. त्या बँकेवर डग्लस यांचेंच नांव होतें, तरी बुडाली. वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागा, कर्ज कोणाला दिलें तें विचारा. विचारणाऱ्याला उद्धट म्हणतील. म्हणूं द्या.

तिसरी, आपलीं घरें. पुण्यांत गंज पेठेंत, जिला आज महात्मा फुले पेठ म्हणतात, जोतीराव-सावित्रीबाईंचा वाडा स्मारक म्हणून राखला आहे. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेथें एकदां मुलाबाळांना घेऊन जा. पण प्रत्येक तालुक्यांत सत्यशोधकी जलसे करणारे, पुरोहिताशिवाय लग्नें लावणारे, रात्रीची शाळा चालवणारे लोक होऊन गेले. त्यांचीं घरें मातीचीं, त्यांना स्मारकाचा फलक कोणी लावला नाहीं. भिंत पडली तर पडो, पण त्यांचे कागद, पत्रें, हस्तपत्रकें, जुने अंक उकिरड्यावर जाऊं देऊं नका. ज्यांच्या घरांत असा कागद असेल त्यांनीं तो शाळेंत आणावा. आम्ही त्याची नक्कल मुलांकडून करून घेऊं आणि मूळ कागद तुमचा तुम्हांला परत देऊं. येत्या रविवारपासून संध्याकाळीं शाळेचा एक वर्ग याच कामासाठीं उघडा राहील. म्हाताऱ्या आयाबायांनींहि यावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं सांगावें, पोरें लिहून घेतील.